पहाटे निघावे, ऊन चढण्याआधी परतावे

मागच्या अंकात आम्ही वाचकांकडून उन्हाळ्यात सोलापूरहून एका दिवसात करता येणाऱ्या सहलींविषयी प्रश्न मागवले होते. कुटुंबाने कुठे जावे, मुलांना काय दाखवावे अशी पत्रे येतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक पत्रे एकट्याने गाडी घेऊन निघू इच्छिणाऱ्यांची निघाली. त्यामुळे या महिन्याचे सदर सर्वस्वी त्यांच्यासाठी ठेवले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी एकसष्ट वर्षांची सेवानिवृत्त शिक्षिका असून सात रस्ता भागात राहते. गेली अठरा वर्षे गाडी स्वतः चालवते. यजमान गेल्यापासून दोन वर्षे कुठेच गेले नाही. आता एप्रिल-मे महिन्यांत पहाटे निघून तुळजापूर, नळदुर्ग अशा ठिकाणी एकटीने जावे आणि संध्याकाळपर्यंत परत यावे, असे मनात आहे. मुलगा आणि सून पुण्याला असतात. "आई, या उन्हात एकटी कशाला जातेस?" असे दोघांचेही म्हणणे आहे. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. जावे की नाही, आणि गेल्यास कसे?

उत्तर : ताई, अवश्य जावे. हात गाडीवर बसलेला आहे, रस्ता ओळखीचा आहे आणि मनाने उचल घेतली आहे. वयाची अडचण मला दिसत नाही. आपल्या पत्रातला एकच शब्द मी बदलेन. 'संध्याकाळपर्यंत' या शब्दाच्या जागी 'अकरा वाजेपर्यंत' असे लिहावे, म्हणजे मुलाच्या आणि सुनेच्या बऱ्याचशा काळजीचे उत्तर त्यातच येईल.

याचे कारण असे. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य सहाला आठ-दहा मिनिटे कमी असताना उगवतो आणि सव्वाबारानंतर माथ्यावर येतो; पण पारा सर्वांत वर चढतो तो त्याच्याही पुढे, दुपारी तीन-चारच्या सुमारास, कारण तापलेली जमीन आपली उष्णता हवेला सावकाश देत राहते. आपल्या भागातील काळी जमीन आणि उघडा काळा कातळ यांना तापायला फार वेळ लागत नाही आणि निवायला मात्र रात्र लागते. त्यामुळे 'बाराचे ऊन टाळून दोन वाजता निघू' असा हिशेब करणारा माणूस नेमका सर्वांत वाईट वेळी रस्त्यावर असतो. पहाटे पाच ते सकाळी साडेदहा-अकरा हे साडेपाच-सहा तास आपले समजावेत आणि सहल तेवढ्यात बसवावी.

दुसरी गोष्ट दिशेची आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. हैदराबाद रस्ता सोलापूरहून पूर्वेकडे, किंचित ईशान्येच्या अंगाने जातो, आणि मे महिन्यात सूर्यही पूर्वेच्या बराच उत्तरेला सरकून उगवतो. सकाळी सहा-साडेसहाला थेट नळदुर्गकडे निघालात, तर सूर्य जवळजवळ रस्त्याच्या रेषेत, समोरच्या काचेवर येतो. काचेवर थोडी जरी धूळ असली, तरी पुढे चाललेला दुचाकीस्वार त्या झळाळीत दिसेनासा होतो. पुणे रस्त्याचे याच्या अगदी उलट आहे. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना, दोन्ही वेळा सूर्य पाठीशी राहतो.

म्हणून मी आपल्याला त्रिकोणी वाट सुचवतो. पावणेपाचला घरून निघून आधी तुळजापूरला जावे. अंतर साधारण पंचेचाळीस किलोमीटर आहे आणि रस्ता उत्तरेकडे जात असल्याने उजाडतानाही सूर्य डोळ्यांवर येत नाही. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळावी. त्या दिवशी दर्शनाच्या रांगेतच आपले थंड तास संपतील. चैत्री पौर्णिमेच्या आसपासचे दिवस तर सोडूनच द्यावेत. देवीचे दर्शन घेऊन सातच्या सुमारास आग्नेयेकडे नळदुर्गला निघावे. तोवर सूर्य वर आलेला आणि डाव्या हाताला असतो. नळदुर्गहून साडेनऊला निघाल्यावर तो पूर्ण पाठीशी येतो. सगळी फेरी सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरची होते.

नळदुर्गविषयी थोडे लिहितो, कारण हा किल्ला लोक पावसाळ्यात पाहतात आणि माझ्या मते अर्धाच पाहतात. बोरी नदीवर किल्ला आणि रणमंडळ हा त्याचा जोडकिल्ला यांच्यामध्ये जो दगडी बांध घातला आहे, त्याच्याच पोटात पाणीमहाल आहे. दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये तो बांधून झाला. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळू लागले की सगळ्यांचे डोळे पाण्यावर असतात आणि खालचे बांधकाम कोणी पाहत नाही. उन्हाळ्यात धबधबे नसतात. त्या दिवसांत त्या अरुंद पायऱ्या सावकाश उतरून जावे आणि भिंतीला तळहात लावून पाहावा. बाहेर दगड तापू लागलेला असतो आणि आत तोच दगड ओल्या माठासारखा गार लागतो. उपळी बुरुजावर चढायचे असेल तर ते सर्वांत आधी करावे, कारण तिथे सावली नाही. गुडघे कुरकुरत असतील तर बुरुज खुशाल सोडून द्यावा. किल्ल्याचे दार किती वाजता उघडते, हे मात्र आदल्या दिवशी विचारून ठेवावे.

आता एकटेपणाविषयी. दोन माणसे गाडीत असली की एकाला डुलकी येते तेव्हा दुसरा बोलतो, एक चाक बदलतो तेव्हा दुसरा मागच्या वाहनांना हात दाखवतो, एकाला चक्कर आली तर दुसरा फोन करतो. एकट्या माणसाने ही दुसऱ्याची कामे घरून निघण्यापूर्वीच कोणाकडे तरी सोपवून ठेवायची असतात. मुलाला वा सुनेला आदल्या रात्री वाट आणि वेळा लिहून पाठवाव्यात : इतक्या वाजता तुळजापूर, इतक्या वाजता नळदुर्ग, इतक्या वाजता घर. प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर एक ओळीचा निरोप द्यावा. त्याचबरोबर हेही ठरवून ठेवावे की ठरलेल्या वेळेनंतर पाऊण तास निरोप आला नाही आणि फोनही लागला नाही, तर त्यांनी ११२ वर कळवायचे. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक फोनमध्ये असतातच. तरीही ते कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवावेत, कारण तापलेला फोन स्वतःहून बंद पडतो आणि तो नेमका त्याच वेळी पडतो.

पाणी दोन लिटर हाताशी आणि पाच लिटरचा कॅन मागे ठेवावा. आपली हवा कोरडी असल्याने घाम येताच सुकतो, त्यामुळे अंगातून किती पाणी गेले हे कळत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडे थोडे प्यावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीचे प्रमाण वाढते. आपली गोळी त्यांपैकी आहे का आणि सहलीच्या दिवशी पाणी किती प्यावे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने चुकवू नये. खायला काय न्यावे हे सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही जोडी तापलेल्या गाडीतही दिवसभर बिघडत नाही, तर दहीभात नऊ वाजेपर्यंत आंबून जातो. चटणी तिखट असेल तर पाणी त्या हिशेबाने जास्त न्यावे.

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी २०१४ सालची आहे. उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून हवा थोडी कमी ठेवावी, असे पंक्चरच्या दुकानात सांगतात. ते बरोबर आहे का? नायट्रोजन भरावा का? आणि वाटेत एकटे असताना गाडी तापली तर काय करावे? (जुळे सोलापूर येथील वाचक)

उत्तर : हवा कमी ठेवू नये. हा समज इतका पक्का बसला आहे की तो खोडताना मी थोडा हट्टीपणाही करीन. हवा कमी असलेल्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला अधिक दबते आणि उलगडते, त्या घुसळण्याने रबर आतून तापते, आणि महामार्गाच्या वेगात टायर फुटण्याचे मोठे कारण हेच असते. तापमान दहा अंशांनी वाढले की टायरमधील दाब साधारण दोन पीएसआयने (हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) वाढतो, हे खरे आहे. पण गाडी बनवणाऱ्यांनी दाबाचा आकडा ठरवताना ही वाढ धरलेली असते. चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर तो आकडा छापलेला असतो. पहाटे, गाडी तीन-चार किलोमीटरहून अधिक चाललेली नसताना, त्या आकड्याइतकी हवा भरावी आणि दुपारी तापलेल्या टायरमधून ती काढू नये. नायट्रोजन फुकट मिळत असेल तर भरावा. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे टायरचे वय. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. २२१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनला. आपली गाडी २०१४ ची आहे, म्हणून हे आकडे आजच पाहावेत, स्टेपनीचेही पाहावेत. नक्षी शाबूत असली तरी बाजूच्या भिंतीवर बारीक भेगांचे जाळे दिसत असेल, तर त्या टायरवर उन्हाळ्यात एकट्याने लांब जाऊ नये. शिवाय चाक एकदा घरासमोर स्वतः बदलून पाहावे. दुकानात यंत्राने आवळलेले नट हाताच्या पान्याने सुटत नाहीत, हे चाळीस अंशांत महामार्गाच्या कडेला कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेले बरे.

गाडी तापण्याविषयी माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी एकटाच विजयपूरला गोलघुमट पाहायला निघालो होतो आणि निघायलाच नऊ वाजले होते. भीमेचा पूल ओलांडून धूळखेडच्या पुढे गेल्यावर तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला. मी गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडले आणि घाईघाईत रेडिएटरच्या झाकणावर फडके टाकून ते फिरवू लागलो. मागे उभ्या असलेल्या ट्रकच्या चालकाने अक्षरशः माझे मनगट धरले. "अर्धा तास हात लावू नका," एवढेच तो म्हणाला आणि त्याने मला त्याच्या ट्रकच्या सावलीत बसवले. बंद झाकणाखाली दाब असतो, म्हणून आतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झाले की दाब उतरतो आणि ते सगळे एकदम उसळून तोंडावर येते. माझा चेहरा त्या माणसामुळे वाचला, हे मी विसरलेलो नाही. नंतर कळले की आधीच्या महिन्यात एका गॅरेजमध्ये कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, जागी बोअरचे पाणी भरले गेले होते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. गिझरमध्ये जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

तेव्हा क्रम असा ठेवावा. काटा नेहमीच्या जागेवरून हलताच, लाल रेषेची वाट न पाहता, एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण चालू करून काचा उघडाव्यात. सोलापूरच्या उन्हात हीटर लावणे वेडेपणाचे वाटेल, पण इंजिनची उष्णता बाहेर काढणारा तो दुसरा छोटा रेडिएटरच असतो. काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये. तो वेळ बंद गाडीत बसून काढू नये. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतले तापमान अर्ध्या तासात वीस अंशांच्या आसपास वाढू शकते आणि काच बोटभर खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. झाडाची, टपरीची, पुलाखालची, मिळेल ती सावली धरावी.

प्रश्न : मे महिन्याच्या एका रविवारी पहाटे चारला निघून महाबळेश्वर पाहून रात्री परत येण्याचा विचार आहे. मी सत्तावीस वर्षांचा आहे. घाटात गाडी चालवण्याचा अनुभव नाही. (बाळे)

उत्तर : हा बेत एकट्याने एका दिवसात करू नये. एका बाजूचे अंतरच अडीचशे किलोमीटरहून अधिक आहे, शेवटी घाट आहे, सुट्टीतल्या रविवारची गर्दी आहे, आणि परतीचा प्रवास दिवसभराच्या थकव्यानंतर रात्री आहे. मुक्काम करणार असाल तर आनंदाने जावे. गारवा मिळेल हे खरे : उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, सोलापूर साधारण साडेचारशे मीटरवर आहे आणि महाबळेश्वर साडेतेराशेच्या वर. त्याच हिशेबाने तुळजापूर केवळ एखाद-दीड अंशाने थंड असते, म्हणून तुळजापूर ज्या डोंगररांगेवर आहे त्या बालाघाटावर गारव्याच्या आशेने कोणी जाऊ नये.

घाटाचा सराव मात्र तुळजापूरच्या किंवा येडशीच्या घाटात सकाळी करता येईल. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरू नये. जो चढ ज्या गिअरमध्ये चढला असता, तोच उतार त्याच गिअरमध्ये उतरावा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवते. जळका वास येऊ लागला तर ब्रेक तापले आहेत असे समजून थांबावे आणि ते निवू द्यावेत, त्यांवर पाणी ओतू नये. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. जूनमध्ये मुलीकडे अमेरिकेत लास वेगास येथे दोन महिने राहणार आहे. लेक आणि जावई दोघेही नोकरीला जातात. दिवसा एकट्याने गाडी घेऊन आसपासचे वाळवंट आणि डोंगर पाहावेत असे वाटते. डेथ व्हॅलीला जाता येईल का? "आपल्याला सोलापूरच्या उन्हाची सवय आहे," असे मी मुलीला सांगितले आहे. (होटगी रस्ता)

उत्तर : सवयीचे वाक्य कृपया मागे घ्यावे. आपली सवय ही सावली, माठ आणि दर दहा-पंधरा किलोमीटरला चहाची टपरी असलेल्या मुलखातल्या उन्हाची आहे. डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जगातील हवेच्या तापमानाचा तोच अधिकृत उच्चांक आहे. आजही जुलैत तिथे दुपारचे तापमान पंचेचाळीसच्या वर जाणे हे नित्याचे असते. रस्ता उत्तम आहे आणि लास वेगासहून साधारण दोन तासांत पोहोचता येते. पण मोठ्या भागात फोनला नेटवर्क नाही आणि गाडी बंद पडली तर पुढचे वाहन कधी येईल हे सांगता येत नाही. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालच्या भागात पायी हिंडू नये, गाडी बंद पडल्यास गाडी सोडून चालत निघू नये आणि फोनवरील नकाशावर सर्वस्वी विसंबू नये, अशा सूचना तिथले राष्ट्रीय उद्यानच पर्यटकांना देते. चालत निघणाऱ्या माणसापेक्षा रस्त्याच्या कडेची गाडी शोधणे सोपे जाते.

जून-जुलैत आपण एकट्याने तिथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लेक-जावयांना सुट्टी असेल त्या दिवशी तिघांनी भल्या पहाटे निघावे आणि आधी डांटेज व्ह्यू या कड्यावर जावे. तो सुमारे १६७० मीटर उंच आहे आणि त्याच्या पायथ्याशी दिसणारे बॅडवॉटरचे पांढरे मिठाचे पात्र समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे. वरच्या प्रश्नात सांगितलेला उंचीचा हिशेब इथे लावला, तर एकाच जागी उभे राहून आपण दहा अंशांहून अधिक फरकाच्या दोन हवा पाहत असतो.

एकट्याने जाण्यासाठी त्या भागात दुसरी जागा आहे. लास वेगासच्या वायव्येला तासाभराच्या अंतरावर स्प्रिंग पर्वतरांग आहे. तिचे सर्वोच्च शिखर, माउंट चार्ल्सटन, ३६०० मीटरहून उंच आहे आणि गाडीचा रस्ता दोन हजार मीटरच्या वर पाइनच्या झाडीत जातो. शहरात चाळीस अंश असताना तिथे हवा दहा-बारा अंशांनी गार असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जाऊन जेवणाच्या वेळेला परतता येईल. तरीही पाणी सोबत घ्यावेच, कारण परतीचा रस्ता वाळवंटातच उतरतो.

निघण्यापूर्वी सोलापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ लायसन्सबरोबरच ग्राह्य धरला जातो. मुलीच्या गाडीच्या विम्यात आपले नाव येते का, हे तिला विचारून घ्यावे. तिथे उजव्या बाजूने गाडी चालवतात. पहिले चार दिवस लेकीला शेजारी बसवून मोकळ्या रस्त्यांवर सराव करावा. चूक सहसा सरळ रस्त्यावर होत नाही, पेट्रोल पंपातून बाहेर पडून वळताना होते.

प्रश्न : आम्हा नोकरदारांना रविवार तेवढा मिळतो. उन्हाळ्यात सगळीकडे रखरखीत असते. पावसाळ्यापर्यंत थांबावे, की खास उन्हाळ्यातच पाहण्यासारखे काही आहे? (अशोक चौक)

उत्तर : आहे, आणि त्यासाठी थांबून चालणार नाही. उजनी धरणाचे पाणी उतरले की पुणे रस्त्यावर इंदापूरच्या पुढे पळसदेव येथे जलाशयात बुडालेले पळसनाथाचे जुने मंदिर वर येते. ज्या वर्षी पाणी फार उतरते, त्या वर्षी त्याच्या पायापर्यंत जाता येते. एरवी शिखरच दिसते किंवा होडीने जावे लागते. किती पाणी उतरले आहे हे स्थानिकांना विचारूनच निघावे. वाळलेल्या गाळाचा वरचा पापुद्रा तडकलेला आणि टणक दिसतो, पण त्याखाली पोटरीभर चिखल असू शकतो, म्हणून एकट्याने नवी वाट काढू नये. गावकऱ्यांच्या पायवाटेवरूनच जावे. सूर्य दोन्ही वेळा पाठीशी असणारा हाच तो रस्ता.

वेळ कमी असेल तर बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. माळढोक पक्ष्यांसाठी १९७९ मध्ये हे अभयारण्य जाहीर झाले. माळढोक आता दिसेलच अशी आशा धरून जाऊ नये, त्याची स्थिती फार वाईट आहे आणि हे लिहिताना मला दुःख होते. परंतु पहाटेच्या तिरप्या उजेडात पिवळ्या गवतातून काळविटांचा कळप जातो, तेव्हा ज्याला आपण रखरखीत माळ म्हणून हिणवतो त्याच्या पोटात किती जीव आहे हे कळते. पावसाळ्यात गवत उंच वाढल्यावर हे इतके मोकळे दिसत नाही. गाडी रस्त्यावरच ठेवावी. गवतात गाडी घालणे बेकायदा तर आहेच, पण जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा त्यात नाश होतो. तापलेल्या सायलेन्सरखाली वाळके गवत पेटू शकते, हेही लक्षात ठेवावे.

तिसरे ठिकाण येडशीचे रामलिंग. दरीत उतरल्यावर झाडीची सावली मिळते, उन्हाळ्यात ती सोन्याच्या मोलाची. परतताना वेळ उरला तर तेरला वळावे. प्राचीन तगर नगरी ती हीच, आणि विटांचे त्रिविक्रम मंदिर व संत गोरोबाकाकांचे स्थान दोन्ही तिथे आहेत. रामलिंग आणि तेर ही दोन्ही ठिकाणे एका सकाळी करायची असतील तर साडेचारला निघावे लागेल.

प्रश्न : मे महिन्यात दुपारनंतर अचानक वळीव येतो. वाटेत एकटे असताना वादळात सापडल्यास काय करावे? (अक्कलकोट रस्ता)

उत्तर : वळीव बहुधा दुपारी तीननंतर येतो, त्यामुळे अकराला घरी परतणाऱ्याला तो सहसा गाठत नाही. तरीही सापडलात तर गाडीतच बसावे. काचा बंद असलेल्या, पत्र्याच्या छताच्या गाडीत विजेपासून चांगले संरक्षण मिळते, कारण वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते. झाडाखाली गाडी उभी करू नये. जुन्या झाडाची फांदी वाऱ्यात मोडू शकते. जाहिरातींच्या मोठ्या फलकांपासूनही दूर राहावे. धुळीचा लोट समोर आला आणि काही दिसेनासे झाले, तर वेग हळूहळू कमी करून रस्त्यापासून पूर्ण बाजूला व्हावे.

बाजूला होताना मात्र डांबर किंवा मुरूम सोडू नये. महिनाभर दगडासारखी कडक झालेली काळी जमीन दहा मिनिटांच्या सरीने लोण्यासारखी होते, चाकाच्या नक्षीत भरते, आणि टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरू लागतो; जितका जोर द्यावा तितकी गाडी खाली रुतते. तसे झालेच तर ॲक्सिलरेटर सोडून द्यावा, चाके सरळ करावीत, पायाखालचे रबरी मॅट काढून पुढच्या चाकांना टेकवून ठेवावेत आणि अगदी हलक्या पायाने गाडी पुढे घेऊन पाहावी. दोनदा करूनही निघाली नाही तर पाऊस थांबेपर्यंत आत बसून राहावे. आपल्या भागात तासाभरात कोणाचा ना कोणाचा ट्रॅक्टर त्या वाटेने येतोच, आणि ओढायचा दोर आपल्या डिकीत असला तर काम पाच मिनिटांचे असते.